हुसकावलेल्यांना तारीख विचारू नये

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ब्राझीलच्या मातो ग्रोसो दो सुल राज्यात, पराग्वेच्या सीमेला लागून, अंतोनियो जुआंव हे लहानसे गाव आहे. गावालगतच्या सुमारे ९,३०० हेक्टर जमिनीला ग्वारानी-कायोवा आदिवासी ‘न्यांदे रू मारांगातू’ म्हणतात आणि तिला आपला ‘तेकोहा’ मानतात. ‘तेको’ म्हणजे जगण्याची रीत. ती रीत जिथे पाळता येते, ती जागा म्हणजे तेकोहा. असा अर्थ असल्यावर ‘मोबदला घ्या आणि दुसरीकडे जा’ हा सल्ला त्यांना कसा पटावा?

ग्वारानी पुढारी मार्सल दे सोउझा यांनी १९८०मध्ये मानाउस येथे पोप जॉन पॉल दुसरे यांच्यासमोर आपल्या लोकांच्या हालअपेष्टा मांडल्या. २५ नोव्हेंबर १९८३ रोजी याच अंतोनियो जुआंवच्या हद्दीत त्यांचा खून झाला आणि त्याबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. पुढे १९८८च्या राज्यघटनेने आदिवासींचा परंपरागत भूमीवरील हक्क मान्य करून पाच वर्षांत सीमांकन पुरे करण्याचे बंधन सरकारवर घातले. प्रत्यक्षात या जमिनीला राष्ट्राध्यक्षांची मंजुरी मिळाली २००५मध्ये. तीही काही महिन्यांतच सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केली आणि त्याच डिसेंबरात पोलिसांनी बाहेर काढलेली कुटुंबे रस्त्याच्या कडेला राहू लागली. सप्टेंबर २०२४मध्ये एक तरुण पोलिसांच्या गोळीने मारला गेला, तेव्हा कुठे आठवड्याभरात न्यायालयात तडजोड झाली. जमीनदारांना १४ कोटी ६० लाख रेआल देण्याचे ठरले. त्यांच्याकडील कागद सरकारनेच दिलेले असल्याने ही भरपाई मला गैर वाटत नाही. जो पैसा २०२४मध्ये उभा राहिला, तो आधी का उभा राहू नये, एवढाच माझा प्रश्न आहे.

याहून गंभीर बाब तारखेच्या अटीची आहे. ५ ऑक्टोबर १९८८ रोजी, म्हणजे राज्यघटना लागू झाली त्या दिवशी, जे आदिवासी जमिनीवर होते त्यांनाच हक्क, असा आग्रह ब्राझीलमधील बडे शेतमालक धरतात. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३मध्ये नऊ विरुद्ध दोन मतांनी तो फेटाळला, तरी त्याच वर्षअखेरीस संसदेने राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार डावलून तीच अट कायद्यात घातली. ज्यांना त्या तारखेपूर्वीच बंदुकीच्या धाकाने हाकलले, त्यांना ‘त्या दिवशी तुम्ही कुठे होता’ असे विचारणे म्हणजे हाकलणाऱ्यालाच मालक ठरवणे होय.

आपल्या वनहक्क कायद्यातही १३ डिसेंबर २००५ ही तारीख आहे. परंतु त्या तारखेआधी पुनर्वसनाविना बेकायदा हुसकावलेल्यांनाही पुनर्वसनाचा हक्क त्याच कायद्याच्या कलम ३मध्ये दिलेला आहे. आपल्याकडे त्या तरतुदीची फारशी चर्चा होत नाही, याचे वाईट वाटते; ब्राझीलच्या कायदेकर्त्यांनी घेण्याजोगी ती गोष्ट आहे.

ब्राझीलमधील सोयाबीनच्या पिकाकडे आमच्या भागातील शेतकरी भावासाठी डोळे लावून असतात आणि त्या बातम्या आपण नेमाने छापता. त्याच पिकाच्या प्रदेशातील या जमिनीच्या बातम्यांनाही आपल्या पानांवर जागा मिळावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, लातूर