वही आधी, पैसे मग

चि. गौरीस अनेक आशीर्वाद.

डोळ्याची पट्टी निघाली, आता वाचता-लिहिता येतं. इथे पुण्यात दादाकडे सगळं ठीक. पण काल फोनवर तू त्या सागवानी नंदीचं सांगितलंस, तेव्हापासून मन नागपुरात, इतवारीतल्या आपल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातच आहे.

महाल भागातले आजोबा तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरं सणाला ओढत नेतात तो लाकडी नंदी विकायला घेऊन आले. तू आधार कार्ड मागितलंस, तर म्हणाले, "काहून पोरी, मी चोर आहो का?" तू ओशाळलीस, खरेदीची नोंदवही मिटलीस आणि पैसे देऊन टाकलेस. तुझं ओशाळणं मला समजतं. घरातला नंदी विकायला काढणाऱ्याला आधीच मेल्याहून मेल्यासारखं झालेलं असतं. तरीही हे चुकलं, पोरी.

तू तिसरीत असताना एक ओळखीचा माणूस पितळी समयांची जोडी घेऊन आला होता. घरात वाटण्या झाल्या, म्हणाला. बुडाशी कानशीचे ताजे ओरखडे होते. भांड्यावर टोचलेलं नाव कुणीतरी घासून काढलं होतं. मी ते पाहिलं आणि गप्प बसलो. ओळखीतल्याला काय विचारायचं, म्हणून नोंदही केली नाही. आठ दिवसांनी पोलीस आले. समया एका देवळातल्या होत्या. त्या माणसानं कानावर हात ठेवले आणि माझ्याकडे दाखवायला एक ओळ नव्हती. समया गेल्या, पैसे गेले, महिनाभर ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या. ते सोसलं. पण त्या देवळाचे पुजारी दुकानात येऊन एवढंच म्हणाले, "तुम्हाला ओरखडे दिसले नव्हते का?" मला दिसले होते.

कायदाही नेमकं तेच विचारतो. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला कारण असताना, तो अप्रामाणिकपणे घेतला तर तीन वर्षांपर्यंत कैद. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 411 होतं, आता त्याजागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं 317. समोर वही उघडी असली की वस्तू उलटी करून बघावीच लागते. नाव, पत्ता, सही, तारीख, किंमत, उंची, वजन, पोचे, आणि भांड्यावर टोचलेलं नाव जसंच्या तसं, चुकीच्या र्‍हस्व-दीर्घासकट. चार बाजूंनी फोटो. आधारच्या झेरॉक्सवर "फक्त या विक्रीसाठी" असं त्यांच्याच हातानं लिहून घ्यायचं, म्हणजे त्यांनाही धीर येतो.

आता नंदीचं. आजोबा म्हणतात तो त्यांच्या पणजोबांच्या वेळचा. खरं असेल तर शंभरी उलटलेली, आणि मग 1972 चा पुरावस्तू व कलाकृती कायदा लागू होऊ शकतो. अशा मालाचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. परवानेवाल्यालाही नोंदी, फोटो, रजिस्टर ठेवावंच लागतं. हस्तलिखितांना तर 75 वर्षंच पुरतात, म्हणून कुणी पोथ्यांचं गाठोडं आणलं तर हात जोडून परत पाठव. आपल्याकडे परवाना नाही. चाळीस-पन्नास वर्षांची घंगाळं, कंदील, रेडिओ यांवर आपलं घर चाललंय आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. वस्तू पुरावस्तू ठरते की नाही, असा प्रश्न उभा राहिला तर शेवटचा शब्द पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा असतो, इतवारीतल्या कुणाचा नव्हे. म्हणून ते ठरेपर्यंत नंदी काचेआड ठेवू नकोस, मोबाइलवर फोटो फिरवू नकोस.

शेतात सापडलेली नाणी घेऊनही लोक येतील. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांवरचं धन सापडलं की कलेक्टरला कळवायचं, हा 1878 चा कायदा अजून आहे. त्यांना तेवढं सांग, नाण्यांना हात लावू नकोस.

रविवारी वही घेऊन आजोबांच्या घरी जा. मागच्या वेळी तुमचा मान राखायला म्हणून वही मिटली, ती माझी चूक झाली म्हणावं, आणि ओट्यावर बसून तो नंदी कुणी घडवला, कोणकोणत्या पोरांनी ओढला ते विचार. ते सांगतील तसं लिहून घे, मग सही माग. सही द्यायला मन होत नसेल तर पैसे परत घेऊन नंदी त्यांना परत दे. मला त्याचं वाईट वाटणार नाही. कोरी वही गल्ल्याखालच्या कप्प्यात, लाल फडक्यात आहे.

तुझे,
बाबा