बार्लीच्या पोत्यावर तारीख हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बिअरच्या कारखान्यातून निघणाऱ्या चोथ्याचं पीठ करून पाव-बिस्किटं बनवण्याचं संशोधन चाललंय, हे आपल्या पुरवणीत वाचलं. मी करवीर तालुक्यात पाच म्हशी सांभाळते. हा चोथा माझ्या गोठ्यात येऊन गेलाय. त्याचा गुण बघितलाय आणि त्याच्यामुळं नुकसानही सोसलंय, म्हणून हे पत्र.

आमच्याकडं त्याला नुसतं 'बार्ली' म्हणतात. मोड आणून वाळवलेली बार्ली भरडून गरम पाण्यात ठेवली की दाण्यातल्या पिठाची साखर होऊन ती पाण्यात उतरते. त्या गोड पाण्याची पुढं बिअर होते. मागं उरतं ते टरफल, प्रथिनं आणि थोडी चरबी. शंभर लिटर बिअरमागं साधारण 20 किलो ओला चोथा निघतो. पाणी वगळून हिशेब केला तर त्यात 20 ते 25 टक्के प्रथिनं भरतात. त्यातली बरीचशी म्हशीच्या पहिल्या पोटात न मोडता पुढं जाऊन पचतात, म्हणून दुधाला फरक दिसतो. गावात काही जण म्हणतात, दारूच्या कारखान्यातलं जनावराला कशाला? त्यांना मी सांगते, हा चोथा साखरपाणी आंबवायच्या आधीच बाजूला निघतो, त्यात दारू नसते. पेंडेचे दर चढले की आंबोणात, म्हणजे जनावराच्या भिजवलेल्या खुराकात, घालायला ही चीज चांगलीच आहे.

पण ताजी असेल तर.

गेल्या वर्षी वळवाच्या दिवसांत एक व्यापारी टेम्पो घेऊन आला. "कालचाच माल आहे, वहिनी," म्हणाला. पोती गळत होती. सासूबाईंनी मूठभर हातात घेऊन हुंगलं आणि म्हणाल्या, "आंबलंय ग हे, नको टाकू." मी पैसे मोजून बसले होते, ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या चांगल्या म्हशीनं वैरणीला तोंड लावायचं सोडलं. शेण पातळ झालं, सात लिटरची धार दोनावर आली. पोटात आम्ल वाढलंय, असं डॉक्टर म्हणाले. पोतं उलटं केलं तर तळाला हिरवट बुरशीचे गठ्ठे. म्हैस वाचली, पण त्या वेतात ती पुन्हा दुधावर आली नाही. पोत्यावर ना तारीख होती ना कारखान्याचं नाव, मग तक्रार करायची कुणाकडं?

या चोथ्यात 75 ते 80 टक्के पाणी असतं. आपल्या उन्हात तो दोन-तीन दिवसांत आंबतो, मग बुरशी धरते. काही बुरशींतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि म्हशीच्या पोटात गेलं की त्याचा अंश दिवसभरात दुधात उतरतो. दूध उकळून तो जात नाही. दुधात तो किलोला 0.5 मायक्रोग्रॅमच्या वर असू नये, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर लोक म्हशीची धार समोर काढून घेतात आणि ग्लास तोंडाला लावतात. त्या ग्लासात काय उतरतं, ते गोठ्यातल्या आंबोणावर ठरतं. मक्यापासून इथेनॉल करताना उरणारा चोथा आता बाजारात भरपूर आलाय, त्यालाही हेच लागू आहे. मूळ मक्यात विष असेल तर चोथ्यात ते साधारण तिप्पट होऊन येतं, कारण दाण्यातला स्टार्च निघून गेलेला असतो.

दराचाही हिशेब आम्हा बायकांना कुणी समजावून दिला नव्हता. ओली बार्ली आठ रुपये किलो म्हणजे स्वस्त वाटते. पण एका किलोत कामाचा माल दोनशे-अडीचशे ग्रॅमच. म्हणजे कोरड्या मालाला 32 ते 40 रुपये पडले. वर त्या पाण्याचं भाडंही आपणच भरायचं. छत्रपती संभाजीनगरकडच्या कारखान्यांतून इथवर ओला माल आणणं म्हणजे टेम्पोभर पाणीच अर्धा महाराष्ट्र फिरवून आणणं.

म्हणून पाव-बिस्किटांचं संशोधन जरूर व्हावं, पण त्याआधी हा माल कारखान्याच्या दारातच दाबून, वाळवून दहा टक्के ओलाव्यावर आणायची स्वस्त रीत शोधा. तसा वाळवला तर तो महिनोन्‌महिने टिकतो. वाळवायला इंधन लागतं हे खरं. पण आपल्या गुऱ्हाळात चुलवणाखाली चिपाडच जळतं आणि साखर कारखाने बगॅसवर, म्हणजे त्याच चिपाडावर, वीज करतात. टाकाऊतून उष्णता काढणं या जिल्ह्याला नवीन नाही. टाकाऊ तसंच सोडून दिलं तर काय होतं, ती उलट बाजूही आपण पाहिली आहे. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना आठ ते पंधरा लिटर काळं सांडपाणी निघतं. तसलं पाणी नदीत गेलं की काय होतं, ते पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच बघितलेल्या शिरोळकरांना विचारा.

वाळवणं जमेपर्यंत मूरघासाची, म्हणजे चारा हवाबंद मुरवून ठेवायची, वाट आहे. ताजी बार्ली कडब्याच्या कुट्टीत मिसळून, हवा राहणार नाही अशी दाबून, वरून प्लॅस्टिकनं बंद केली तर काही आठवडे टिकते. कुट्टी गळणारं पाणी धरून ठेवते. किती कुट्टीला किती बार्ली, आणि आपल्या चैत्र-वैशाखात ती नक्की किती दिवस टिकते, हे शिवाजी विद्यापीठानं आणि कृषी महाविद्यालयानं आमच्या गोठ्यात येऊन मोजावं. अहवाल मराठीत असावा आणि दूध संस्थेच्या फळ्यावर लागावा. आणि शासनानं एवढं तरी करावं: ओला चोथा विकणाऱ्यानं पोत्यावर कारखान्याचं नाव, माल निघाल्याची तारीख आणि ओलाव्याचं प्रमाण लिहिलंच पाहिजे. पेंडेच्या पोत्यावर हे सगळं छापलेलं असतं, मग बार्लीच्या का नसावं?

आमच्या संस्थेत रोज सकाळी फॅट बघायचं यंत्र चालतं. त्याच टेबलावर आठवड्यातून एकदा पशुखाद्यातली बुरशी तपासायची सोय झाली, तर पहिला नमुना माझ्या गोठ्यातून आणून देईन.

आपली,
एक दूध उत्पादक
करवीर, जि. कोल्हापूर