बेल्जियममधल्या लुव्हेन शहरातल्या काकूंना जाहीर आभारपत्र

ती. काकूंना सा. न. वि. वि.

हे पत्र घरच्या पत्त्यावरही पाठवता आले असते. परंतु साताऱ्याला परतल्यापासून भेटणारी तरुण सायकलपटू मंडळी मला एवढेच विचारतात, की कोणत्याही संघात नसताना बेल्जियममध्ये राहून सराव करायला खर्च किती येतो आणि सायकल कोणती लागते. त्यांना मी आकडे सांगते. मात्र तिथे मी टिकले ती तुमच्यामुळे, आणि हे चारचौघांसमोर सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

सराव एकटीला करता येतो. प्रशिक्षकांचा आठवड्याचा आराखडा फोनवर येत असे, पॅडलवर किती जोर लागतो ते मोजणाऱ्या पॉवर मीटरचे आकडे परत त्यांच्याकडे जात असत, आणि औडेनार्डेजवळच्या भाड्याच्या खोलीतून निघाले की थोड्याच वेळात कोपेनबर्ग या चढाचा पायथा येई. यवतेश्वरचा घाट एका लयीत, श्वास सांभाळत चढायचा असतो. कोपेनबर्ग मात्र जेमतेम ६०० मीटरचा, दगडी फरसबंदीचा आणि काही ठिकाणी २२ टक्के चढाचा आहे, आणि ओल्या दगडांवर पॅडलवर उभे राहिले की मागचे चाक जागच्या जागी फिरते. तिथे बसूनच चढण्याची सवय रोजच्या मेहनतीने लागली. बेल्जियमच्या सायकलपटू लोटे कोपेकी यांनी २०२२, २०२३ आणि २०२५ मध्ये टूर ऑफ फ्लँडर्स ही मोठी शर्यत जिंकली ती याच परिसरातल्या चढांवर, हा विचार थंडीतही मला बाहेर काढत असे.

शर्यत मात्र एकटीने होत नाही. आपल्याकडे गावच्या जत्रेला जशा बैलगाड्यांच्या शर्यती लागतात, तशा फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या डचभाषक भागात, कर्मेसला म्हणजे गावच्या जत्रेला सायकलींच्या लागतात: गावातल्या कॅफेत नाव नोंदवून क्रमांक घ्यायचा, गाडीत किंवा कुणाच्या गॅरेजमध्ये कपडे बदलायचे आणि गावाभोवतीच्या त्याच रस्त्यावर फेऱ्यांवर फेऱ्या मारायच्या. संघातल्या मुलींसाठी रस्त्याकडेला पाण्याची बाटली घेऊन माणूस उभा असतो, सुटे चाक तयार असते. एकट्या खेळाडूजवळ सायकलीवर मावेल तेवढेच पाणी असते, आणि ते संपले की पायांत कितीही बळ असले तरी शेवटच्या फेऱ्यांत त्याचा उपयोग होत नाही.

आयोजकांना डच भाषेत एक पत्र लिहून द्याल का, एवढ्याच विनंतीसाठी मी तुम्हाला पहिला फोन केला होता. पत्र तर तुम्ही लिहिलेच, आणि शर्यतीच्या दिवशी प्रयोगशाळेतून अर्धी रजा काढून, तासाभराहून अधिक गाडी चालवत स्वतः आलात. २०२१ ची जागतिक स्पर्धा लुव्हेनमध्ये संपली तेव्हा पदपथावरून पाहिलेली शर्यत, एवढीच तुमची या खेळाशी ओळख होती. तरीही ताशी ३६ किलोमीटर वेगाने येणारी मुलगी सेकंदाला दहा मीटर पुढे जाते, हे हिशेबाने ओळखून तुम्ही चढाची जागा निवडलीत, कारण तिथे वेग कमी होतो. बाटली वरच्या बाजूला दोन बोटांत हलकेच धरायची, हात ताठ ठेवायचा आणि मी पकडताच तो माझ्याबरोबर मागे जाऊ द्यायचा, हे तुम्ही घरासमोरच्या गल्लीत काकांना सायकलीवर बसवून घोटून घेतलेत. काकांचेही त्यासाठी आभार.

वाऱ्याचे तर तुम्ही माझ्याआधी ओळखलेत. आडवा वारा सुटला की पुढच्या मुली एकमेकींच्या आडोशाने तिरकी रांग धरतात, रस्त्याची रुंदी संपली की त्या रांगेत जागा उरत नाही आणि बाकीच्या वारा ज्या दिशेला वाहतो त्या कडेला ढकलल्या जातात. झाडे कुठे वाकतात ते पाहून तुम्ही प्रत्येक फेरीला त्याच कडेला उभ्या राहत असत, गळ्यात ती पोपटी ओढणी घालून, म्हणजे मी लांबून ओळखावे. त्या ओढणीकडे पाहून मी किती वेळा पुन्हा जोर लावला असेल, हे तुम्हाला सांगायचे राहूनच गेले होते.

मोठ्या संघांत खेळाडूंसाठी भाताच्या वड्या करून कागदात गुंडाळतात, हे कुठेतरी वाचून तुम्ही मऊ भातात गूळ आणि किंचित मीठ घालून तशा वड्या केल्यात. तासाला ६० ग्रॅमहून अधिक कर्बोदके पोटात जावीत, असा प्रशिक्षकांचा आग्रह होता, आणि शर्यतीत खायच्या गोड जेलने पोट बिघडणाऱ्या मला त्या वड्यांनी शर्यत पूर्ण करू दिली. युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या नियमानुसार १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, म्हणून मला मधे परतावे लागले, तेव्हा माझी चाके आणि घरातच सायकल चालवून सराव करायचे ट्रेनर हे यंत्र तुमच्या माळ्यावर राहिली; त्यांचे भाडे तुम्ही घेतले नाहीत आणि पेट्रोलचे पैसेही घेतले नाहीत.

पुढच्या हंगामात कोल्हापूर आणि साताऱ्याच्या आणखी दोघी जणी माझ्याबरोबर यायचे म्हणतात. त्यांना तुमचा फोन क्रमांक देण्याआधी तुमची परवानगी हवी आहे. बाटली धरायला आता आम्ही तिघी आळीपाळीने एकमेकींसाठी उभ्या राहू. तुम्ही फक्त जागा कोणती ते दाखवा, आणि वड्यांचे प्रमाण कळवा.

काकांना नमस्कार.

आपली कृतज्ञ,
साताऱ्याची सायकलपटू