हेडफोन लावून हसण्याबद्दल

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, झोप येत नाही म्हणून रात्री अंथरुणात पडून विनोदी क्लिपा बघतोस, कारण हसणं हे उत्तम औषध असं कुठेसं वाचलंस. तुझी आई खूश झाली. मी मात्र जन्मभर सरकारी आरोग्य केंद्राच्या खिडकीत बसून औषधं दिलेला माणूस. कशालाही औषध म्हटलं की आधी विचारतो, किती घ्यायचं आणि कशाबरोबर घ्यायचं. तू घाईत होतास, म्हणून सवडीने लिहितो.

फायदा होतो यात वाद नाही. पोटातून हसलं की श्वासपटल हलतं, फुप्फुसांत साचलेली हवा बाहेर पडते, नाडी चढते आणि मग अंग सैल सुटतं. पण त्यावर रचलेल्या थापाही फार. ‘हसा आणि वजन घटवा’ हा मेसेज आपल्या वाड्याच्या ग्रुपवर सारखा फिरतो. अमेरिकेत हे मोजलेलं आहे. दिवसाला १० ते १५ मिनिटं हसलं तर १० ते ४० कॅलरी जळतात. म्हणजे पाववाला पोदेर सकाळी देऊन जातो त्या एका उंड्याचीसुद्धा वसुली नाही.

हसण्याला औषधाची कीर्ती मिळाली ती बरीचशी नॉर्मन कझिन्स या अमेरिकन संपादकामुळे. १९६४ साली त्याला मणक्याच्या सांध्यांचं भयंकर दुखणं लागलं. इस्पितळ सोडून तो हॉटेलात राहिला, विनोदी चित्रपट बघू लागला, आणि दहा मिनिटं खदखदून हसलं की दोन तास वेदनेविना झोप लागते असं त्याने लिहून ठेवलं. लागत असेल. पण त्याच वेळी तो क जीवनसत्त्वाचे भरमसाट डोसही घेत होता. शिवाय एका रोग्यावरून औषधाचा गुण ठरवायला लागलो असतो, तर मला खिडकीत कुणी बसू दिलं नसतं.

मला हसण्याचं खरं कळलं ते जत्रेच्या नाटकात. विनोदी नोकराचं काम आपल्याकडेच ठरलेलं, तुला ठाऊक आहे. खुर्ची पुसता पुसता मी मालकाचं टक्कलही पुसून काढतो, तो प्रसंग आठव. देवळाच्या अग्रशाळेत तालीम असते तेव्हा समोर चार-पाच जण. कुणाची मिशी हलत नाही, प्रॉम्प्टर जांभया देतो. आणि जत्रेच्या रात्री? पालखी झालेली, बारा वाजून गेलेले, पुढे चटईवर पोरं, मागे खाज्याचे पुडे मांडीवर घेऊन बायका. मी फडका झटकतो. आधी एखादं पोरगं फिसकतं. मग कुणी बाई पदर तोंडाला लावते. मग मागच्या रांगेतून तो एक राक्षसी आवाज फुटतो (दरवर्षी असतोच, कुणाचा ते अजून कळलेलं नाही) आणि मंडप हातचा जातो. पुढचं वाक्य मला तोंडात धरून उभं राहावं लागतं. फडका तोच, टक्कलही तेच!

रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लोकांचं रोजचं हसणं असंच येता-जाता टिपलं होतं, सुमारे १,२०० वेळा. त्यात विनोदावरचं हसणं थोडंच निघालं. ‘बरं, निघतो हं’ असल्या साध्या बोलण्यावरच माणसं हसत होती. एकटं असताना हसतो त्याच्या ३० पट आपण चारचौघांत हसतो, हेही त्यानेच दाखवलं. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांनी तर लोकांच्या हाताला थंडगार पट्टे बांधून, बीपीचा पट्टा आवळून, कळ कितपत सोसवते ते पाहिलं. मनमुराद हसल्यावर ती जास्त सोसवते. मेंदूत एंडॉर्फिन सुटतं, आणि ते म्हणजे अंगातलंच वेदनाशामक, असं त्यांचं म्हणणं. हे मला पटतं.

मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ ला अंधेरीच्या एका बागेत पाच जणांचा हास्यक्लब काढला. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, चावट तेवढे उरले. मग विनोदाशिवायच हसायचं ठरलं, आणि क्लब बंद पडायच्या ऐवजी जगभर पसरला! मला ते हात वर करून हा-हा करणं जमत नाही, लाज वाटते. तुझा मामा जातो. हसून झाल्यावर मंडळी तासभर चहा पीत बसतात, तेव्हा गुण कशाचा ते देव जाणे.

म्हणून क्लिपा बघ, पण अंथरुणात नको. तो उजेड डोळ्यांवर घेऊनच निम्मी झोप जाते. जेवताना हेडफोन काढ आणि खोलीतल्या त्या सातारच्या मुलालाही दाखव. पुण्यात आपल्याकडची पोरं आहेत, रविवारी एकत्र शीत-हुमण, आपला भात आणि माशाची आमटी, करा. करपलं तर उलट बरंच. एवढं करूनही झोप येईना, तर सरळ डॉक्टरकडे जा. ऑफिसातून आल्यावर दिवसभर कुणाशीच बोललो नाही असं तू म्हणालास, ते मला झोपेपेक्षा जास्त टोचलं.

आजीचं हर्नियाचं ऑपरेशन नीट झालं. हसण्याचं पथ्य आता तिलाच आलंय. काल शेजारची शेवंती त्यांच्या कोंबड्याने पोस्टमनला कसा माडावर चढवला ते साभिनय सांगून गेली. आजी पोटावर उशी दाबून हसत होती आणि ‘पुरे गो, टाके सुटतील’ म्हणून ओरडतही होती. खोकताना, हसताना उशी दाबून धरायची हे डॉक्टरांनीच शिकवलंय. तेव्हा ती सावरेपर्यंत फोनवर तुझ्या साहेबाची नक्कल करू नकोस. नंतर कर, आणि स्पीकरवर कर. तुझ्या आईलाही ऐकायची आहे.

तुझा,
पप्पा