गोव्याची बाटली, महाराष्ट्राचा कायदा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोवा बनावटीची दारू घेऊन निघालेला टेम्पो किंवा ट्रक गोव्याच्या सीमेजवळील इन्सुली अथवा बांदा परिसरात पकडला गेल्याची बातमी सिंधुदुर्गातील वाचकांना नवी राहिलेली नाही. संघटित तस्करीवर होणाऱ्या अशा कारवाईबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु गोव्याहून परतताना पिशवीत दोन-तीन सीलबंद बाटल्या ठेवणारा पर्यटकही त्याच कायद्याच्या कक्षेत येतो आणि याची त्याला बहुधा कल्पनाच नसते. त्याने दुकानातून पैसे मोजून, उघडपणे, पावती घेऊन खरेदी केलेली असते. गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवी ओलांडून बांद्याकडे येताच तीच वस्तू महाराष्ट्राचा कर न भरलेले मद्य ठरते.

मद्याचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक, खरेदी आणि विक्री हे सारे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या सूचीत आहेत; त्यावरील अबकारी कराचा अधिकारही राज्यांचाच आहे. पिण्याचे मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर राहिले आहे, त्यामुळे उत्पन्नाची ही बाजू कोणतेही राज्य सहजासहजी सोडणार नाही. परिणामी एकाच देशात बिहार आणि गुजरातमध्ये दारूबंदी आहे, तमिळनाडूत किरकोळ विक्री सरकारी महामंडळाच्या हाती आहे, तर गोव्यात परवानाधारक खासगी दुकाने जागोजागी आहेत. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांच्या कायद्याचे मूळ तर १९४९ चा एकच मुंबई दारूबंदी अधिनियम आहे. गुजरातने त्यातून बंदी राखली, महाराष्ट्राने त्यातूनच परवाना-व्यवस्था आणि महसूल उभा केला. आपल्याच राज्यात वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे आजही कोरडे आहेत, आणि चंद्रपूरमध्ये २०१५ साली लागू झालेली बंदी २०२१ साली उठवण्यात आली.

सीमेवरील माणसाला हा फरक वयातही जाणवतो. गोव्यात २१ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला मद्य विकत घेता येते. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१, पण व्हिस्की-रमसारख्या मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे, शिवाय मद्यसेवनाचा परवानाही आवश्यक मानला आहे. हा परवाना किती जणांकडे असतो, हे मद्यविक्रेत्यांना आणि अधिकाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

तस्करीचे खरे कारण मात्र दरांतील तफावत हे आहे. गोव्यात कर कमी असल्याने तिथली दारू स्वस्त. त्यात २०२५ साली महाराष्ट्राने ठरावीक निर्मितीमूल्यापर्यंतच्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील (व्हिस्की, रम इत्यादी) उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तीन पटींवरून साडेचार पटींवर नेले. राज्याला महसूल हवा हे मान्य, परंतु शेजारच्या राज्यातील दर तसेच राहिले असता इथला दर एकदम चढवला, तर दोन्ही दरांमधील अंतर हाच कोणाचा तरी नफा होतो, आणि तो मिळवण्यासाठी गाडीत चोरकप्पे करणारे लोक तयार होतात. करवाढ ठरवताना शेजारच्या दरांचा आणि सीमेवरील तपासणीच्या खर्चाचा हिशेब मांडला गेला असेल, तर तो जनतेपुढे यावा.

गैरसमजाची आणखी एक जागा म्हणजे गोव्यातील मोपा विमानतळ. विमानातून ठरावीक तीव्रतेचे मद्य प्रत्येकी ५ लिटरपर्यंत नेता येते, हे ऐकून प्रवासी निर्धास्त होतात. तो नियम विमानाच्या सुरक्षिततेपुरता आहे. मुंबईत उतरल्यावर लागू होतो तो महाराष्ट्राचा अबकारी कायदा. बाटलीवर ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असे बारीक अक्षरांत छापलेले असते खरे, पण ते वाचण्याची सवय कोणाला असते?

सर्व राज्यांनी एकच मद्यधोरण स्वीकारावे, अशी अपेक्षा घटनेच्या चौकटीत व्यवहार्य नाही, आणि ती योग्यही नाही. गडचिरोलीच्या गरजा आणि कळंगुटच्या गरजा एक असू शकत नाहीत. तथापि महाराष्ट्र आणि गोवा सरकारांना तीन गोष्टी सहज करता येतील. गोव्यातील मद्यविक्रेत्यांच्या पावतीवर, राज्याबाहेर नेण्याबाबतचा नियम मराठी, हिंदी आणि इंग्रजीत ठळकपणे छापणे सक्तीचे करावे. दोन्ही बाजूंच्या नाक्यांवर, रेल्वे स्थानकांवर आणि विमानतळावर तसे फलक लावावेत. आणि व्यक्तिगत वापरासाठी, पावतीसह, अल्प प्रमाणातील सीलबंद मद्य आणणाऱ्यास ठरावीक शुल्क नाक्यावरच भरून ते पुढे नेता येईल, अशी सोय दोन्ही राज्यांनी चर्चेतून ठरवावी. त्यातून शुल्क सरकारी तिजोरीत जमा होईल, ‘मिटवून टाकण्याच्या’ व्यवहाराला वाव उरणार नाही आणि तपासणीसाठी असलेले मोजके मनुष्यबळ ट्रक-टेम्पोंकडे लक्ष देऊ शकेल.

आपला,
एक वाचक, सावंतवाडी