बाबांच्या डोळ्यांविषयी

प्रिय आई-बाबा,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं, बरं" म्हणत फोन आईकडे देतात, म्हणून लिहायला बसले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचंच सांगायचंय. "या वयात कशाला? प्रभूने पुष्कळ दिलंय, आहे त्यात समाधान मानावं," असं बाबा म्हणाले. समाधान मी तुमच्याच घरात शिकले, म्हणून त्यावर थोडं बोलते.

इथे वडगाव शेरीत आमच्या गॅलरीतून खराडीचे टॉवर दिसतात. ऑफिसात अधूनमधून कुणीतरी तिकडे फ्लॅट बुक करतं, पेढे देता देता विचारतं, "तुम्ही अजून दोन खोल्यांतच?" आम्ही दोघांनी बसून हिशोब केला होता. तेवढा हप्ता घेतला तर दानाला कात्री लागणार आणि रविवारची उपासना कामात बुडणार. नको म्हटलं. पण एकदा नको म्हणून भागत नाही, पुढचा पेढा आला की मन पुन्हा हलतं. बायबलातला प्रेषित पौलसुद्धा समाधानाविषयी 'मी शिकलो आहे' असंच म्हणतो ना? पगार झाला की दशांश, म्हणजे देवासाठीचा दहावा भाग, आधी बाजूला काढायचा आणि रात्रीच्या कुटुंब प्रार्थनेत प्रत्येकाने दिवसातला एक उपकार सांगायचा, असं आमचं शिकणं चाललंय. परवा धाकट्याने टँकर आला म्हणून आभार मानले. मी मनापासून आमेन म्हटलं, आणि सकाळी सोसायटीच्या पाण्याच्या अर्जावर सहीसुद्धा केली. फिलिप्पै शहराच्या तुरुंगात मध्यरात्री आपल्या सोबत्याबरोबर, सीलाबरोबर, स्तोत्रं गाणारा पौल सकाळी गुपचूप निघून जायला तयार नव्हता. आम्हा रोमी नागरिकांना चौकशीविना फटके मारलेत, आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, असं त्याने ठणकावलं. समाधानी माणसाने सगळं मुकाट्याने सोसलंच पाहिजे, असं त्याच्याकडे बघून तरी वाटत नाही.

बाबा, आता तुमचं. पुढे पौल पुन्हा कैदेत पडला, तेव्हा याच फिलिप्पैच्या ख्रिस्ती मंडळीने आपल्यातल्या एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत पाठवली. त्यानंतर पौलाने त्यांना लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय तुम्हाला तोंडपाठ आहे. ११व्या वचनात तो म्हणतो, असेल त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलोय. पण तीनच वचनं पुढे तो सांगतो, तुम्ही माझ्या संकटात वाटेकरी झालात हे चांगलं केलंत. १८व्या वचनात तर त्या मदतीला तो देवाला आवडणारं अर्पण म्हणतो. 'माझं भागतंय' म्हणून त्याने एपफ्रदीताला आल्या पावली परत पाठवलं नाही. आयुष्यभर तुम्ही दुसऱ्यांना दिलंत, नगरच्या घरातून कुणी रिकाम्या हाताने गेलेलं मला आठवत नाही. मग लेकीकडून घेताना एवढा संकोच का?

मागच्या वेळी आले होते तेव्हा सकाळच्या प्रार्थनेत तुम्ही १०३वं स्तोत्र वाचलंत. तुमच्या मोठ्या अक्षरांच्या बायबलात ते दोन पानांवर आहे, आणि तुम्ही पान उलटलं नाहीत. आईने खाली मान घातली. तुम्ही पाठ म्हणत होतात, हे आम्हा दोघींना कळलं. स्तोत्रं पाठ आहेत हा मोठा आशीर्वाद आहे, पण नातवंडांचे चेहरे पाठ करून कसं चालेल?

इथल्या डॉक्टरांशी मी बोलले आहे. त्याच दिवशी घरी सोडतात. पैसे आम्ही बाजूला ठेवलेत आणि दशांशाला हात लावलेला नाही, ती काळजी नको. आई, बाबांचे शुगरचे आणि बीपीचे कागद, गोळ्यांची चिठ्ठी आणि आधार कार्ड एका पिशवीत काढून ठेव. एसटीने आलात तर शिवाजीनगरपर्यंत जाऊ नका, खराडी बायपासला उतरा. तुमचे जावई न्यायला येतील. नंतर काही आठवडे डोळ्यांत थेंब घालावे लागतात, म्हणून महिनाभर राहायच्या तयारीनेच या. शेजारच्या काकूंना कोंबड्यांचं आजच सांगून ठेव.

तुमची लेक