वैशू, त्या क्रीमबद्दल लिहून रायली

प्रिय वैशू,

फोनवर तू "पाहू, पाहू" म्हणते अन् विषय बदलवते, म्हणून पत्रच लिहून रायली. परवा बाजाराच्या दिवशी तुझ्या पार्लरात बसली होती तवा पायलं, थ्रेडिंग करता करता तुझ्या हातातला दोरा थरथरत होता, दोनदा तुटला, अन् तू त्या पोरीवरच चिडली. तू गिऱ्हाइकावर कधीच चिडत नव्हती गं.

मग मी ते गोरं करायच्या क्रीमची डबी उलटी करून वाचली. कंपनीचा पत्ता नाई, बॅच नंबर नाई, फक्त बारीक अक्षरात "सोन्या-चांदीच्या दागिन्याला लावू नये". माझं तिथंच चर्र झालं. पारा सोन्याले धरते, तुले माहीत हाये. असल्या क्रीममध्ये कॅलोमेल नाहीतर पाऱ्याचं दुसरं क्षार टाकतात, त्यानं कातडीचा रंग बनणंच थांबते म्हणून चेहरा उजळ दिसते, पण ते कातडीतून आत जाते अन् किडनीत साठते. गिऱ्हाईक रात्री बोटभर लावते, तू दिवसभर उघड्या हातानं आठ-दहा जणींले चोळते, दार बंद, पंखा बंद, अन् त्याच हातानं घरी कणिक मळते.

पूर्वी टोप्या बनवणारे कामगार टोपीसाठीच्या जनावरांच्या केसांले मर्क्युरिक नायट्रेट, म्हणजे पाऱ्याचंच क्षार, लावायचे, त्यांचे असेच हात कापायचे, चिडचिड व्हायची, झोप उडायची, अमेरिकेत ते १९४१ मध्ये कुठं बंद झालं. आपल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात पाऱ्याची विषबाधा सरकारले कळवायच्या आजारांत होती, पण तुझं पार्लर काही फॅक्टरी नाई, तुझी नोंद कोण घेईल? अन् अकोल्याचं आठवते ना, २०२३ च्या सुरुवातीले पेपरात आलं होतं, क्रीम लावून एकाच घरच्या मायलेकींच्या किडन्या बिघडल्या होत्या.

तुझ्या हाताचं कारण दुसरंही असू शकते, मी काही डॉक्टर नाई. पण लघवीले फेस येते का, सकाळी डोळ्याखाली सूज असते का, तोंडात लोखंडासारखी चव येते का, खरं सांग. सोमवारी सकाळची पहिली लघवी घेऊन दवाखान्यात ये, प्रोटीन मी स्वतः तपासून देईन, मग डॉक्टरले दाखवू, क्रीमची डबीही सोबत आण. पाऱ्याची तपासणी इथं होत नाई, सॅम्पल बाहेर पाठवा लागते.

बाकीच्या डब्या जाळू नको, वाफ होते. पिशवीत घट्ट बांधून लेकरांपासून दूर ठेव. क्रीम देणाऱ्या त्या एजंटले मी बोलीन, तू बोलू नको.

तुझी,
सुमी